लाटेला खांदा

हर्णैच्या शाळेत दर रविवारी
मी अकरा मुलींना कराटे शिकवायचे.
जपानी आकडे म्हणायला लावले
तर निमा चोगले हसून हसून खाली बसली.
गुडघा वाकवा, म्हटलं. वाकला.
कंबर फिरवा, म्हटलं. सगळ्याच फिरल्या,
फुगडीला फिराव्या तशा.
महिनाभर हेच.

मग एकदा चार वाजता बंदरावर गेले,
सुरमई घ्यायला, दुसरं काही नाही.
होड्या उथळात, बैलगाड्या आसापर्यंत पाण्यात,
आणि त्या गलक्यात माझ्याच मुली
डोक्यावर टोपल्या घेऊन कमरेइतक्या समुद्रात.
लाट आली की निमा तिला छाती देत नव्हती,
खांदा देत होती.
नुसती तिरकी व्हायची,
अरुंद दारात कुणाला वाट द्यावी तशी,
आणि टोपलीतली एक कोळंबी सांडत नव्हती.

वीस वर्षं मी आरशासमोर जे घोटलं
ते हिला कोणी शिकवलं?
"कोन नाय बाई. लाटच शिकवते.
नाय शिकलं तर नाकात मीठ."

पुढच्या रविवारी आकडे सोडून दिले.
म्हटलं, होडीत उभ्या राहा.
अकरा जणी होडीत उभ्या राहिल्या,
शाळेच्या शहाबादी फरशीवर,
आणि ती फरशी, खरं सांगते, हलली.
म्हटलं, बर्फाचा खोका ढकला.
कोपरं आपसूक बरगडीला चिकटली.
म्हटलं, पाग टाका,
आणि नाझनीन सोलकरचा हात टाचेतून निघाला.

सुटकेला मात्र मला शब्द सापडेना.
मनगट असं धरलं, तर?
दुर्वा पावसे कधी बोलत नाही. ती म्हणाली,
ओला दोर ओढून सुटत नाय,
टोक कुठे ते बघायचं, तिथून सरकवायचा.
पकडीचं टोक म्हणजे अंगठा.
मी वहीत लिहून घेतलं.

वैशाखात दापोलीच्या स्टँडवर
कुणीतरी दुर्वाचं मनगट धरलं.
ती घरी आली, हातपाय धुतले, भाकऱ्या थापल्या.
मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही निमाकडून.
मारलंस का, मी विचारलं.
नाय, म्हणाली. दोर सोडवला.

आणि मग बराच वेळ आपलंच मनगट
दुसऱ्या हातात धरून बसली.
मऊच धरलं होतं,
तरी सोडत नव्हती.