स्वल्प

उद्यमबागेत, वेल्डिंगच्या दुकानामागं आमची लॅब.
सिलिंडरवर नाव कन्नडात, इशारा इंग्रजीत,
आत कार्बन डायॉक्साइड, सोड्याच्या बाटलीतला तोच.
एकतीस अंश. एवढं तर एप्रिलात निपाणीच्या पत्र्याखाली
सकाळी दहालाच होतं.
वर हवेच्या त्र्याहत्तर पट दाब दिला
की तो वायू राहत नाही, द्रवही होत नाही,
फटीत वाऱ्यासारखा शिरतो
आणि रॉकेलसारखा विरघळवतो.

पण एकटा पाठवला तर निकोटीन हलत नाही.
कॉलमच्या तोंडाशी बसून राहतं,
दलाली घेतल्याशिवाय न उठणाऱ्या अडत्यासारखं.

व्यापारी म्हणाला होता, "अस्सल पानातलं, मॅडम. निपाणीचं."
पानातलं निकोटीन उजेडाला डावीकडं वळवतं.
कारखान्यातलं दोन्हीकडं, म्हणजे कुठंच नाही.
डावं-उजवं वेगळं करून दाखवा, एवढंच काम.

मिथेनॉल घातलं, शंभरात दहा.
दोघं गळ्यात गळे घालून दीड मिनिटात बाहेर.
पाचावर आणलं. गळे सुटेनात.
आयसोप्रोपेनॉल: आता उशीर, आणि मागं शेपूट,
खानापूरच्या शेवटच्या बसमागं धूळ राहते तेवढं.
इथेनॉलनं जरा खांदे दिसायला लागले.
तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: अजून नाही.

इराण्णा बडिगेर, पंपाचं सील बदलायला आलेला,
आलेखाकडं बघून म्हणाला,
"बेस हाय ते. कॉलम त्याला धरून ठेवालाय.
कॉलमला दुसरं कायतरी धरायला द्या की."
अमाइनची बाटली उघडली. शिळ्या मासळीचा वास.
"किती?"
"स्वल्प."
मी थांबले. हा शब्द त्याचा की माझा?
मग मोजलं. शंभरात शून्य पूर्णांक दोन.

चार मिनिटांवर एक सुळका. पाचाच्या आत दुसरा.
दोन्ही ताठ, मागं काही न ओढणारे,
सारख्या उंचीचे.

सारख्या उंचीचे.

आईनं एकोणीस वर्षं वखारीत तंबाखू चाळला,
डाव्या हातानं, तोंडाला पदर बांधून.
रात्री तिचा फोन. "लागला काय शोध?
कुणाच्या रानातला म्हणायचा?"
"कुणाच्याच न्हाई. रानच न्हाई त्याला."
शटरपलीकडं कुणीतरी अजून लोखंड जोडत होतं.
ती गप्प. मग म्हणाली,
"आणि शिंक? शिंक तरी येती काय त्यानं?"