विंचू

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या अडतीवर माझी खोली.
खोलीच्या आत अजून एक खोली,
फोमच्या भिंतींची, जाड दाराची.
दार लावलं की खालच्या हमालांच्या हाका विझतात
आणि स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं.
ज्याला येतं, त्याला.

"शिट्टी आली की बटण दाबा."
काचेपलीकडे माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसतात.
उद्यमनगरचा लेथवाला शिट्टी नसतानाही दाबतो,
नापास व्हायचं नसतं त्याला.
कळंब्याच्या एक बाई तीन वर्षं
ओठ वाचून वर्गाची हजेरी घेताहेत.
घरी माहीत नाही. शाळेत माहीत नाही.
मला माहीत आहे.

उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली.
रेघ जोतिबाच्या पायऱ्यांसारखी उतरत जाते
आणि नात कुठल्या पायरीवर मागे राहिली
ते मला बोट ठेवून दाखवता येतं.
सांगायला मात्र ओरडावं लागतं.

डॉक्टर नाही म्हटलं तरी डॉक्टर म्हणतात.
पुण्याचं बोलावणं मी नाकारलं,
त्या वर्षीपासून पगाराचा विषय निघाला
की आई भाजी निवडायला घेते.
आणि मी दिलेली कितीतरी यंत्रं
आज कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली झोपलीत,
हेही सांगून टाकते.

भाऊसो सातपुत्यांना सुनेनं आणलं.
पन्नास वर्षं चपला ठोकून कान ठोकले गेलेले.
"गिऱ्हाईक म्हणतंय, तुमची चप्पल करकरत न्हाई.
खोटं बोलतंय, ताई.
दोन तळांच्या मधी विंचू घालतोय की मी,
त्याच बिया, तसंच.
अंगठ्यानं दाबून बघतोय. अंगठ्याला कळतंय."

यंत्र बसवलं. आवाज हळूहळू वाढवला.
पंखा ऐकून दचकले. सुनेकडे बघितलं,
"एवढी बारीक बोलतीस व्हय गं?"
मग उठून स्वतःच्याच चपलेत
दारापासून खिडकीपर्यंत चालले.
थांबले. परत चालले.
मी श्वास धरून.

"न्हाई वाजत," म्हणाले.
"खरं बोलत हुतं गिऱ्हाईक."
आणि असे हसले, असे हसले,
की यंत्रानं शीळ घातली
आणि मला पडद्यावरचे आकडे दिसेनात.

पंधरा दिवसांनी सेल घ्यायला आले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड टेबलावर ठेवला.
माझं माप कधी घेतलं कोण जाणे.

तपासणीच्या खोलीत त्या चालत नाहीत,
तिथे मी अनवाणी.
संध्याकाळी कुलूप लावून जिना उतरते,
करर, करर,
तेव्हा अडतीवरचा मुनीम वहीतून डोकं न काढता म्हणतो,
"चालल्या का ताई?"