डाव्या हाताचा दगड

आमच्या घरात सगळे उजवे.
जेवतो उजव्यानं, सही उजव्यानं,
वेंडल मामा चेंडूसुद्धा उजव्यानंच बास्केटमध्ये टाकतो.
फक्त भांडं घोटताना
दगड डाव्या हातात जातो.

कुणी शिकवलं नाही. दगडच तसा आहे:
करडा, कबुतराच्या अंड्याएवढा,
एका कुशीला अंगठ्याची खळी,
आणि त्या खळीत उजवा अंगठा
काही केल्या बसत नाही.

आई म्हणायची, तिच्या पणजीचा उजवा हात
लहानपणी विस्तवात गेला होता.
अर्डिथ मावशी म्हणते, छे, ती जात्याच डावरी.
यावरून दोघी चार वर्षं बोलल्या नाहीत,
एकाच टेबलावर माती मळत.

यंदा ट्रीना आली, फीनिक्सहून,
नखांना निळा रंग, कानात गाणी.
माती आणायला पिकअप घेऊन गेलो.
उकरण्याआधी मावशीनं मक्याचं पीठ ठेवलं,
मातीशी टेवात बोलली.
ट्रीनाला त्यातलं अक्षर कळलं नाही.
मला निम्मं.

वळीवर वळी चढवत तिनं बुटका घडा उभा केला,
एका अंगानं किंचित झुकलेला.
मग दगड घेतला. उजव्या हातात.
घसरला. ओरखडा.
पुन्हा घसरला.
मावशी बघत होती, गप्प.
मी तोंड उघडलं तर
टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

ट्रीनानं दगड उलटा केला.
त्याची पाठ, जिकडे आमच्यापैकी कुणी
कधी वळून पाहिलं नव्हतं,
ती अंगठ्याखाली धरली
आणि घोटत बसली, अंधार पडेस्तोवर.

मावशीनं घडा दिव्यापाशी नेला.
फिरवला. चकाकीचा ओघ
आमच्यापेक्षा उलट्या अंगाला होता.
"पाणी कमी लाव," म्हणाली,
आणि युकाचं पान दातांखाली धरून
कुंचला करायला लागली.

पहाटे मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्या रचल्या,
घड्यावर पांघरूण खापरांचं.
त्यात आईचं शेवटचं, तडकलेलं भांडं होतं.
ती माती आत जाताना करडी होती,
निघाली ती मधासारखी पिवळी,
आणि जिथं आईचं खापर टेकलं होतं
तिथं एक तांबूस डाग.
मावशी म्हणाली, वारा होता.

रात्री सगळे झोपल्यावर
मी दगडाची पाठ चाचपून पाहिली.
थंड. सपाट.
अजून.