चौदा नंबर

मिडल्सब्रोमध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
तळघरात माझे अठरा सेल बुडबुडत असतात,
डावीकडे हायड्रोजन, उजवीकडे प्राणवायू,
आणि उजव्या बाजूला नखाएवढा निकेलचा पत्रा,
त्याच्यावर माझी तीन वर्षं टांगलेली.
इरिडियम नको, प्लॅटिनम नको,
जे ट्रकने आणता येईल, पोत्यात भरता येईल,
त्यानेच पाणी फोडायचं,
असं मी मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं.
येत होतं म्हणून नाही.
नोकरी हवी होती.

चौदा नंबर चालला.
सहाशे तास, आलेखाची रेघ आडवी,
झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकीच हलणारी.
पंचवीस दिवस कुणाला बोलले नाही,
दृष्ट लागेल म्हणून.
(डॉक्टरेट आहे माझी. तरीही.)

मग निबंध लिहायचा, म्हणून सगळं स्वच्छ करायला घेतलं.
नवा पोटॅश, यादीतली सर्वांत महाग बाटली,
पाणी तीनदा गाळलेलं,
भांडी रात्रभर आम्लात, हातमोज्यांवर हातमोजे.
शेजारच्या पेंडसेकाकू
सोवळं नेसून पुरण वाटायच्या,
मधे कुणी दारात आलं तरी ओरडायच्या,
तशी मी ओरडले एका विद्यार्थ्यावर.

आणि त्या सोवळ्या पाण्यात
चौदा नंबर मेला.
तोच पत्रा. तीच वीज.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा मेला.

आठ आठवडे गेले.
शेवटी जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेलं
चमचाभर पाणी यंत्राला दिलं.
यंत्र म्हणालं: लोखंड.
दशलक्ष भागांत एक भाग.

परीस लोखंडाला शिवतो, अशी गोष्ट ऐकली होती.
इथे लोखंडच शिवून गेलं होतं
आणि मी ते धुऊन काढलं,
घासून घासून.

कुठून आलं, हे नॉर्मन हेस्लॉपला माहीत होतं.
आमचा तंत्रज्ञ. रेडकारच्या भट्टीवर बावीस वर्षं,
भट्टी बंद झाल्यावर इथे, काचेच्या नळ्यांत.
मागे एकदा आमचा क्लॅम्प तुटला,
नवा यायला महिना होता,
म्हणून त्याने घरून स्वतःचा आणून लावला,
तिथला, पोलादाचा, जबड्याला तांबूस गंज.
पोटॅश त्याच्यावरून ओघळायचा
आणि थेंब थेंब परत आत.
नवा आल्यावर त्याने जुना काढून घेतला,
मला विचारलंही नाही. विचारण्यासारखं काय होतं?

भट्टी सुरुंगाने पाडली त्याचा व्हिडिओ
त्याने मला एकदा दाखवला होता,
आवाज बंद करून.
ती आधी गुडघ्यात वाकते. मग धूळ.

नववीत दोन गुणांना लिहिलं होतं:
उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो,
स्वतः मात्र बदलत नाही.
दोनपैकी दोन मिळाले.
माझा पत्रा बदलला होता, बाई.
सूक्ष्मदर्शकाखाली ओळखूही येईना,
कडा झिजलेल्या, परकं लोखंड पोटात घेऊन
निराळाच कुणीतरी होऊन बसलेला.
आणि तसा झाला म्हणूनच चालला.

आता मी लोखंड तोलून घालते.
जर्मनीहून येतं, सोबत प्रमाणपत्र.
दोनशे तास जातात, कधी दोनशे चाळीस,
मग रेघ कलंडते.
काहीतरी अजून आहे त्या गंजात, मँगनीज असेल,
कोळसा असेल, टीसचं खारं वारं असेल,
मला कळत नाही.

काल शेवटी हेस्लॉपकडे क्लॅम्प मागितला.
त्याने आणला, फडक्यात गुंडाळून.
म्हणाला, कानस लावणार?
म्हटलं, थोडीशी. आतल्या बाजूने.
तो बराच वेळ खिशात हात घालून उभा राहिला.
मग म्हणाला, परत पाहिजे मला.

रजिस्टरात नोंद केली.
क्लॅम्प, एक. वजन तीनशे बारा ग्रॅम.
पुरवठादार: एन. हेस्लॉप.
शुद्धतेच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
आणि वरती तो बेसिनवर हात धूत होता,
साबण लावून, बराच वेळ.