मागची फळी

मेजर ओस्टरकाम्पनं कोट काढला,
गॅलिसचा पट्टा अंगठ्यात धरून लांब ओढला,
आणि सोडला.
फट्.
"रबरासारखं वागायचं," म्हणाला, "ही नवी पद्धत."
आम्ही हसलो. खळ्यात हॉप्सचा कडवट वास,
आणि सप्टेंबर कोरडा, फ्लँडर्सला न शोभेल इतका.

पुढची रेघ आता रेघ नाहीच.
एका खड्ड्यात चार माणसं, एक मशीनगन,
मग दोनशे पावलं काही नाही.
शत्रूनं यावं, आत यावं,
दमावं, आपल्याच तोफांपासून लांब पडावं.
मग आम्ही.
आम्ही म्हणजे पट्ट्याचं परत येणं.

नकाशावर हे फार सुरेख दिसतं.
खड्ड्यांच्या जागी निळ्या पेन्सिलीचे ठिपके.
त्यातल्या एकात माझा धाकटा भाऊ, गेरेऑन.
पट्टा ताणतात तेव्हा
ताणलं जातं ते नेमकं कोण,
हे मी विचारलं नाही.
शिवाय सूप आलं होतं.

शेताची मालकीण गोडेलीव्ह
फळीवरच्या ताटल्या उतरवून पेंढ्यात ठेवत होती.
तोफा कुठवर आल्यात
हे तिला ताटल्यांच्या किणकिणीवरून कळायचं,
आमच्या टेलिफोनच्या आधी.

ते पहाटे आले, धुक्यातून.
हजार पावलं आले
आणि थांबले.
पुढे येईनात. दमेनात.
खणायला लागले, शांतपणे, बटाटे लावावेत तसे,
आणि आपल्यापुढे तोफांची भिंत उभी करून
वाट बघत बसले.
कुणाची, ते आम्हाला संध्याकाळी कळलं,
उतारावर, पाचच्या सुमारास,
रांगेतले पहिले चाळीसजण
एकदम बसल्यासारखे दिसले तेव्हा.

त्यांनीही आमचा पट्टा मोजला होता.

रात्री खळ्यात पेंढा पुष्कळ उरला.
गोडेलीव्हनं वाडगे मांडले, नेहमीइतकेच,
मग काही न बोलता
अर्ध्याहून जास्त उचलून आत नेले.

कंदिलाखाली मेजर नकाशावर वाकलेला.
गॅलिसची एक बाजू तुटलेली, तिथं सुतळी.
गेरेऑनचा ठिपका आता
लाल रेघेच्या पलीकडे.
त्यानं खिशातून रबर काढलं,
हलक्या हातानं, कागद फाटू नये असं,
खोडलं,
आणि चुऱ्यावर फुंकर घातली.