कुंपणाजवळचा

ओहायोत ऑगस्ट संपत आलेला.
वर्ना क्राउचरच्या ओट्यावर तीन टोमॅटो.

ब्रँडीवाइन गुलाबी, नखरेल;
सबंध उन्हाळ्यात झाडाला पाचच फळं,
पण चव अशी की मीठ घ्यायचं राहून जातं.
चेरोकी पर्पल
मुक्या माराच्या रंगाचा, खांद्याशी हिरवट,
गोड, किंचित धुरकट.

तिसऱ्याला नाव नाही.
पाकिटावर एल्डनचं अक्षर: ‘कुंपणाजवळचा’.
वेडाविद्रा, देठाशी तडकलेला,
वजन मात्र दोन पौंडांच्या वर.

ती फोड चाखते.
आंबट. दरवर्षीसारखाच.
“जिभेला चव नव्हतीच तुझ्या,”
कुंपणाकडे बघत म्हणते.

ब्रँडीवाइनचं बी दुकानात मिळतं.
याचाच गर ती बरणीत काढते,
पाणी ओतते, तोंडाला फडकं बांधते,
आणि खिडकीत ठेवते,
वर बुरशी धरेपर्यंत.