वीतभर

कळंब्याच्या अंगाला कॉलनीची भिंत उठत होती.
अनुसाक्कांनी गवंड्याची थापीच धरली:
"हितं वीतभर सोड. कासवं अंडी घालायला
ह्याच वाटेनं वर येत्यात."

सभा भरली. साप शिरतील, म्हणाले चौगुले सर.
"आत्ता काय तुमच्या परवानगीनं शिरत्यात व्हय?"

नकाशात भोक नव्हतं.
बिलात विटा मात्र पुऱ्या लागल्या.

पोरांनी मंडळाचा हॅलोजन उतरवला.
इर्शाद टॉर्चला लाल कागद चिकटवून
नऊ रात्री भिंतीला टेकून बसला.
कोण आलं नाही.

दहाव्या सकाळी चिखलात
मधे पोटाची फरफट,
दोन्ही बाजूंना बारीक नखं,
भोकातून थेट मोकळ्या प्लॉटकडं.

चौगुले सर फिरायला निघालेले.
थांबले.
चपला हातात घेतल्या
आणि कडेकडेनं गेले.